आवाज येतो, चित्र दिसत नाही : टीव्हीतला दिवा का जातो आणि त्याला हात लावताना काय सांभाळावे

टीव्ही चालू केला की कंपनीचे नाव क्षणभर उमटते, मग पडदा काळा होतो आणि सामन्याचा किंवा बातम्यांचा आवाज मात्र व्यवस्थित येत राहतो. ही तक्रार घेऊन नाशिकच्या एम. जी. रोडच्या आसपासच्या दुरुस्तीच्या दुकानांत जाणारा ग्राहक बहुधा ‘पॅनेल गेले’ अशी मनाची तयारी करूनच गेलेला असतो. पॅनेल गेले म्हणजे टीव्ही गेल्यातच जमा, कारण नव्या पॅनेलची किंमत नव्या टीव्हीच्या जवळपास जाते. प्रत्यक्षात अशा पुष्कळ टीव्हींचे पॅनेल शाबूत असते. गेलेला असतो तो त्यामागचा दिवा.

याची खातरजमा घरीच करता येते. खोलीत अंधार करावा, टीव्ही चालू ठेवावा आणि मोबाईलचा टॉर्च पडद्याजवळ तिरका धरून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सावकाश न्यावा. उजेडाच्या वर्तुळात वाहिनीचे बोधचिन्ह किंवा हलणाऱ्या आकृत्या अंधूक दिसल्या, तर चित्र तयार होत आहे, फक्त त्याला मागून उजेड मिळत नाही, असे समजावे. इथपर्यंतचा प्रयोग कोणीही करावा. यानंतर मात्र स्क्रू ड्रायव्हर शोधून मागचे झाकण उघडण्याचा मोह होतो, आणि हा लेख बऱ्याच अंशी त्या मोहाविषयी आहे.

टीव्हीच्या आत दिवा असतोच कशाला?

पिक्चर ट्यूबच्या जुन्या टीव्हीत काचेच्या आतला लेप स्वतःच उजळत असे. अलीकडच्या ओएलईडी टीव्हीतही प्रत्येक ठिपका स्वतःचा उजेड स्वतः देतो. या दोहोंमध्ये एलसीडीचा मोठा वर्ग येतो, आणि ‘एलईडी टीव्ही’ म्हणून दुकानातून आणलेला टीव्हीही बहुतेक वेळा त्याच वर्गातला असतो. एलसीडी पॅनेल उजेड निर्माण करत नाही. मागून आलेला उजेड कुठे अडवायचा आणि कुठे जाऊ द्यायचा एवढेच ते ठरवते. मागच्या या दिव्यांच्या रचनेला बॅकलाइट म्हणतात. सुरुवातीच्या एलसीडी टीव्हीत बॅकलाइट म्हणून दोन ते चार मिलिमीटर जाडीच्या, पारा भरलेल्या बारीक ट्यूब असत. त्यांची जागा पुढे एलईडीच्या पट्ट्यांनी घेतली.

तिसरा प्रकार घरात कमी आणि बाहेर जास्त भेटतो. मागून पडद्यावर चित्र फेकणारे भल्या थोरल्या पडद्याचे प्रोजेक्शन टीव्ही एकेकाळी श्रीमंती समजले जात. त्यांचे उत्पादन करणारी शेवटची मोठी कंपनी मित्सुबिशी होती, आणि तिनेही २०१२ च्या अखेरीस ते बंद केले. त्यांत चित्र फेकण्यासाठी जो दिवा असे, तोच आजही पुष्कळ प्रोजेक्टरमध्ये असतो. कॉलेज रोडवरचे क्लास, शाळांचे सभागृह, मंगल कार्यालये आणि गणेशोत्सवातील मंडळे यांच्याकडे असे जुने प्रोजेक्टर अजून आहेत. धोक्याच्या दृष्टीने सर्वांत गंभीर दिवा हाच असल्यामुळे त्याच्याविषयी सविस्तर लिहिणार आहे. पण आधी घरोघरीच्या एलईडीविषयी.

एलईडी पन्नास हजार तास चालतो म्हणतात, मग आमचा चार वर्षांत कसा गेला?

हा आक्षेप रास्त आहे. रोज सहा तास धरले तर पन्नास हजार तासांना बावीस वर्षांहून अधिक काळ लागेल. पण हा आकडा योग्य तापमानात ठेवलेल्या एकेका एलईडीचा असतो, आणि तोही त्याचा उजेड ठरावीक प्रमाणात घटेपर्यंतचा. टीव्हीत असे कित्येक एलईडी पट्ट्यांवर ओळीने बसवलेले असतात आणि ते सिरीजमध्ये जोडलेले असतात, म्हणजे एकातून गेलेलाच प्रवाह पुढच्यातून जातो. त्यातला एक जरी आतून तुटला तरी सर्वांचा प्रवाह तुटतो. समजा, एखादा एलईडी पाच वर्षांत बिघडण्याची शक्यता शंभरात एक इतकीच आहे. असे चाळीस एलईडी सिरीजमध्ये असतील तर पाच वर्षांत त्यांतला किमान एक जाण्याची शक्यता शंभरात तेहतीसच्या आसपास जाते. एलईडी चांगला असूनही टीव्ही वाईट ठरतो तो या गणितामुळे.

प्रवाह तुटला की त्याला वीज पुरवणारे सर्किट विजेचा दाब वाढवून पाहते, तरीही प्रवाह वाहत नाही असे दिसल्यावर सुरक्षेसाठी स्वतःला बंद करून घेते. आवाजाचे आणि चित्राचे सर्किट वेगळे असल्याने ते चालूच राहते. म्हणून कंपनीचे नाव क्षणभर दिसते आणि मग काळोख होतो.

एलईडी मरतो तो मुख्यतः उष्णतेने. टीव्ही जितका सडपातळ, तितकी आतली उष्णता बाहेर पडायला जागा कमी. त्यात तो भिंतीला चिकटवून, एप्रिलमध्ये पारा चाळिशी गाठत असताना, दुकानात दाखवण्यासाठी ठेवलेल्या झगझगीत सेटिंगवर चालवला जातो. एका दुकानात उघडून टेबलावर ठेवलेला बेचाळीस इंची टीव्ही मी जवळून पाहिला आहे. पांढऱ्या परावर्तक कागदावर काही एलईडींच्या भोवती चहाच्या रंगाचे डाग पडले होते आणि दोन एलईडींवरची प्लॅस्टिकची भिंगे गोंद सुटल्यामुळे खाली कोपऱ्यात जाऊन पडली होती. पडद्यावर मध्येच पांढरे ठिपके चमकू लागले तर त्याचे कारण अशी निखळलेली भिंगे असतात. पडदा निळसर-जांभळा दिसू लागला तर निळ्या एलईडीवरचा पिवळा लेप उष्णतेने खराब झालेला असतो. ही दोन्ही पूर्वसूचना समजावी.

यावर सर्वांत स्वस्त उपाय सेटिंगमध्ये आहे आणि तो टीव्ही नवा असतानाच करायचा असतो. मेन्यूमध्ये ‘बॅकलाइट’ नावाचे जे सेटिंग असते ते शंभरावरून साठ-सत्तरवर आणले की एलईडीतून जाणारा प्रवाह घटतो आणि उष्णताही. ‘ब्राइटनेस’ नावाचे सेटिंग मात्र अनेक टीव्हींत चित्रातला काळा भाग किती उजळ दिसावा एवढेच ठरवते. ते कमी करून दिव्याचे आयुष्य वाढत नाही. दिवाणखान्यात शंभर टक्के उजेडाची गरज क्वचितच असते, असे माझे मत आहे.

एकच एलईडी गेला असेल तर तेवढाच बदलून का मिळत नाही, असा प्रश्न नेहमी येतो. बदलता येतो, आणि काही कारागीर गेलेल्या एलईडीची दोन टोके जोडून टीव्ही चालूही करून देतात. पण उरलेले एलईडी तेवढेच तापलेले आणि तेवढेच म्हातारे असतात. चार-सहा महिन्यांत दुसरा जातो आणि पॅनेल पुन्हा उचलावे लागते. प्रत्येक उचलण्यात पॅनेलच्या कडेला चिकटलेल्या नाजूक फिती फाटण्याचा धोका असतो आणि ती फीत फाटली की मग खरोखरच पॅनेल जाते. त्यामुळे एकदा उघडलेच तर पट्ट्यांचा पूर्ण संच बदलणे शहाणपणाचे.

कुकरच्या शंभर पट दाब

आता प्रोजेक्शनच्या दिव्याकडे वळू. फिलिप्सने १९९५ च्या सुमारास आणलेल्या या दिव्याला यूएचपी म्हणतात. तो पाहिला तर मधोमध जेमतेम सेंटीमीटरभर जाडीचा फुगीर भाग असलेली क्वार्ट्झची, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या काचेची, एक नळी दिसते, आणि तिच्याभोवती वाटोळा परावर्तक. फुगीर भागाच्या आत टंगस्टनची दोन टोके समोरासमोर असतात आणि त्यांच्यात केवळ एक ते दीड मिलिमीटरचे अंतर असते. तार तापवून उजेड काढणाऱ्या जुन्या बल्बसारखे यात काही नाही. या एवढ्याशा फटीत विजेची ठिणगी सतत जळत ठेवली जाते आणि तिच्यातून उजेड मिळतो. या ठिणगीला आर्क म्हणतात.

आत काही मिलिग्रॅम पारा असतो. दिवा थंड असताना तो बारीक थेंबांच्या रूपात काचेला चिकटलेला दिसतो. दिवा पेटला की त्याची सर्वच्या सर्व वाफ होते आणि आतला दाब वातावरणाच्या सुमारे दोनशे पट होतो. स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला दाब वातावरणाच्या जेमतेम दुप्पट असतो, आणि त्याच्यासाठी आपण जाड भांडे, रबराचे गॅस्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह एवढी व्यवस्था ठेवतो. दिव्यात त्याच्या शंभर पट दाब असतो, भिंत क्वार्ट्झची असते आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नसतो. कुकरच्या तुलनेत जमेची बाजू एवढीच की आकार फार लहान आहे.

हा दाब टिकवायचा तर दिव्याच्या सर्वांत थंड कोपऱ्याचेही तापमान नऊशे अंश सेल्सिअसच्या आसपास राहावे लागते, नाहीतर पारा पुन्हा द्रव होऊ लागतो. उलट, सर्वांत गरम जागा फार तापली तर क्वार्ट्झच बिघडते. म्हणजे दिव्याला जगण्यासाठी तापमानाची अरुंद पट्टी मिळालेली असते, आणि प्रोजेक्टरचा पंखा त्याला त्या पट्टीत धरून ठेवतो. दिवा तापतो म्हणून झाकण काढून समोर टेबल फॅन लावणारे उत्साही लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या या मदतीने दिव्याचे आयुष्य वाढत नाही.

तो नेमका मरतो कसा?

आर्कच्या उष्णतेने टंगस्टनची टोके झिजतात आणि झिजलेले टंगस्टन काचेवर जाऊन बसू पाहते. ते बसू नये म्हणून आत ब्रोमीनचा अत्यल्प अंश ठेवलेला असतो. तो टंगस्टनशी संयोग पावून त्याला पुन्हा टोकांकडे नेऊन सोडतो. हे चक्र व्यवस्थित चालले तर काच हजारो तास स्वच्छ राहते. मात्र दिवा प्रत्येक वेळी पेटवताना, तो थंड असल्यामुळे, हे चक्र अजून सुरू झालेले नसते आणि टोकांची झीज सर्वांत जास्त होते. म्हणून तासन्‌तास सलग चालणाऱ्या दिव्यापेक्षा दर दहा मिनिटांनी बंद-चालू होणारा दिवा लवकर मरतो. वर्गातल्या दोन तासिकांमधल्या दहा मिनिटांसाठी प्रोजेक्टर बंद करून वीज वाचवणारे शिक्षक हेतूने बरोबर असतात, हिशेबाने चुकतात.

चक्र बिघडले की काच आतून काळवंडते. काळी काच उजेड शोषते, अधिक तापते, आणि तापलेल्या क्वार्ट्झमध्ये स्फटिक तयार होऊन ती दुधासारखी पांढरट व ठिसूळ होते. मग आतल्या दाबाने भिंत हळूहळू फुगते. जुना दिवा काढून उजेडात धरला तर हे तिन्ही बदल एकाच काचेवर शेजारी शेजारी दिसू शकतात. दरम्यान झिजलेल्या टोकांमधले अंतर वाढते, उजेड एका बिंदूतून न येता पसरतो, आणि पडदा मंद होतो किंवा लुकलुकतो.

मरणाची आणखी एक जागा काचेच्या दोन्ही टोकांना आहे. टंगस्टन तापल्यावर जेवढे प्रसरण पावते तेवढे क्वार्ट्झ पावत नाही, त्यामुळे जाड तार थेट काचेत बसवली तर काच तडकेल. म्हणून मध्ये मॉलिब्डेनमचा अतिशय पातळ पत्रा घालून काच त्याच्यावर दाबलेली असते. हा पत्रा साडेतीनशे अंशांच्या वर बराच काळ राहिला तर बाहेरच्या हवेने गंजतो, फुगतो आणि काच उकलतो. पंख्याच्या जाळीवर धूळ साचली की नेमके हेच घडते. शहरात ठिकठिकाणी खोदलेले रस्ते आणि उन्हाळ्याचा वारा पाहता, नाशिकमध्ये ही जाळी महिन्याकाठी झटकणे फार होणार नाही.

दिव्याची वयोमर्यादा ठरलेली असते. साधारणपणे दोन हजार ते सहा हजार तास, आणि तेवढे तास झाले की उपकरण पडद्यावर सूचना देते. ‘अजून उजेड छान आहे, कशाला बदलायचा’ असे म्हणून ती सूचना पुसणे हे या सगळ्यातले सर्वांत वाईट काटकसरीचे काम, कारण त्या तासांनंतर दिवा फक्त मंद होत नाही, फुटण्याची शक्यताही वाढत जाते.

मध्येच वीज गेली तर?

दिवा बंद केल्यावरही पंखा मिनिट-दोन मिनिटे फिरत राहतो, तो उगाच नाही. वीज गेली की पंखाही थांबतो आणि साठलेली उष्णता बाहेर पडण्याऐवजी काचेत, पत्र्यात आणि आतल्या प्लॅस्टिकमध्ये शिरते. वीज लगेच परत आली तरी दिवा पेटत नाही, कारण गरम दिव्यातील पाऱ्याच्या वाफेचा दाब इतका असतो की ठिणगी पाडण्यासाठी दिलेले हजारो व्होल्टही तिला भेदू शकत नाहीत. दिवा गेला असे समजून लोक पुन्हा पुन्हा बटण दाबतात. अशा वेळी वीस-पंचवीस मिनिटे स्वस्थ बसावे. वळवाच्या दिवसांत ज्या भागात वीज सतत ये-जा करते तिथे प्रोजेक्टरला छोटा यूपीएस जोडणे दिव्याच्या किमतीपेक्षा स्वस्त पडते. कार्यक्रम संपल्यावर ध्वनिक्षेपकवाल्याने घाईने मुख्य वायरच उपटू नये, हे त्याला आधी सांगून ठेवावे.

प्लग काढला आहे, मग धोका कसला?

हा समज घराघरांत पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. आपल्याकडचा २३० व्होल्टचा पुरवठा टीव्हीच्या पॉवर सप्लायमध्ये एकदिश होताना सुमारे ३२५ व्होल्टचा होतो, आणि काही टीव्हींत तो पुढे चारशेच्या घरात नेला जातो. ही वीज मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते आणि प्लग काढल्यावरही ती काही काळ तिथेच असते. तिचा झटका जीवघेणा ठरू शकतो. जुन्या ट्यूबच्या एलसीडी टीव्हीत तर ट्यूब पेटवण्यासाठी हजार व्होल्टच्या वर दाब लागतो. एलईडीच्या पट्ट्यांनाही कित्येकदा शंभराच्या वर व्होल्ट मिळतात. ‘एलईडी म्हणजे तीन व्होल्ट’ हे एका एलईडीपुरतेच खरे.

प्रोजेक्शनच्या दिव्यात उष्णतेची भर पडते. बंद केल्यावर किमान तासभर थांबल्याखेरीज झाकण उघडू नये. क्वार्ट्झमधून अतिनील किरणे आरपार जातात, ती पुढच्या काचेने अडवलेली असतात. म्हणून दिवा बाहेर काढून पेटवून पाहण्याचा प्रयोग डोळ्यांसाठी घातक आहे. दिव्याची काच उघड्या बोटांनी धरू नये, याचे कारण शिष्टाचार नाही. घामातील मीठ काचेवर राहिले की नऊशे अंशांना तिथेच स्फटिक तयार होऊ लागतात आणि नवा दिवा ठशाच्या जागी पांढरा पडतो. प्रोजेक्टरमध्ये बसणाऱ्या डब्यासकट मिळणारा दिवा डब्यासकटच, हँडलने धरून, खाली धक्का न लागू देता काढावा आणि डोळ्यांवर चष्मा असावा. डोक्यावर टांगलेल्या प्रोजेक्टरचा दिवा शिडीवरून मान वर करून काढायचा असेल तर चष्मा सक्तीचाच, कारण आतला दिवा आधीच फुटलेला असू शकतो आणि झाकण उघडताच तुकडे चेहऱ्यावर पडतात.

दिवा फुटला तर काय करायचे?

मोठा आवाज होतो आणि पडदा जातो. घाबरून जवळ जाऊन पाहू नये. प्लग काढावा, खिडक्या उघडाव्यात, खोलीतल्या सर्वांना, विशेषतः मुलांना आणि गरोदर स्त्रियांना, बाहेर न्यावे आणि अर्धा तास तरी खोली मोकळी ठेवावी. पाऱ्याची वाफ श्वासातून शरीरात जाते. द्रव पारा दिसतो तरी, वाफ दिसत नाही आणि तिला वासही नसतो.

यावर ‘आमच्या लहानपणी थर्मामीटर फुटला की आम्ही पाऱ्याशी खेळायचो’ हे उत्तर ठरलेले असते. प्रमाण पाहिले तर थर्मामीटरमध्ये खरोखरच या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त पारा असे. पण थर्मामीटरमधला पारा थंड आणि द्रव असतो, तर चालू दिवा फुटताना सगळा पारा वाफेच्या रूपात एका क्षणात हवेत येतो. हवा खेळती असलेल्या हॉलमध्ये एकदा घडलेल्या अशा प्रसंगाने विषबाधा होईल असे मानण्याचे कारण नाही. वातानुकूलित, बंद वर्गात त्याच हवेत पुढचा तास घेणे मात्र योग्य नाही.

नंतर तुकडे उचलताना झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये, त्याने पाऱ्याचे कण आणखी पसरतात. रबरी हातमोजे घालून जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करावेत, बारीक कण चिकटपट्टीने टिपावेत, जागा ओल्या कागदाने पुसावी आणि हे सगळे घट्ट झाकणाच्या बरणीत भरावे. त्याआधी हातातली अंगठी आणि बांगड्या काढून ठेवाव्यात. पारा सोन्याला लागला की त्याच्याशी एकजीव होतो आणि सोने पांढरे पडते.

अर्ध्या किमतीत मिळणारा दिवा घ्यावा का?

मूळ डब्यासारख्याच डब्यात बसवलेले पर्यायी दिवे ऑनलाइन स्वस्तात मिळतात. त्यातले सगळे वाईट नसतात. पण क्वार्ट्झची शुद्धता, ब्रोमीनचे प्रमाण आणि आर्कच्या फटीचे अंतर बाहेरून दिसत नाही, आणि या तिन्हींवरच दिव्याचे आयुष्य आणि सुरक्षा अवलंबून असते. माझा सल्ला असा की जुना डबा चांगला असेल तर नामांकित उत्पादकाचा फक्त आतला दिवा जाणकाराकडून बसवून घ्यावा. प्रोजेक्टर आठ-दहा वर्षांचा असेल तर त्याच्यावर आणखी खर्च न करता एलईडी किंवा लेझरचा नवा घ्यावा. त्यात पारा नसतो आणि दाबही नसतो.

गेलेला दिवा घंटागाडीत टाकावा का?

घंटागाडीची सवय राज्यात ज्या शहरांनी लावली त्यांत नाशिकचे नाव आधी घेतले जाते, त्यामुळे इथे सगळा कचरा तिच्यातच जावा असे वाटणे स्वाभाविक आहे. पाऱ्याचा दिवा किंवा जुन्या टीव्हीच्या ट्यूब सुक्या कचऱ्याबरोबर गेल्या तर त्या गाडीत दाबल्या जाऊन फुटतात, आणि पहिली वाफ सफाई कामगाराच्या श्वासात जाते. पुढे पावसाच्या पाण्याबरोबर पारा ओढ्या-नदीत पोचला की तळातले सूक्ष्मजीव त्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात, जो माशांच्या शरीरात साठत जातो. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये उघडकीस आलेली मोठी विषबाधा याच मिथाइल पाऱ्याची होती. त्या गावाच्या नावाने झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली आहे.

१ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत टीव्हीबरोबरच पारा असलेल्या दिव्यांचाही समावेश आहे आणि त्यांच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. म्हणून नवा दिवा घेतानाच विक्रेत्याला जुना परत घेणार का हे विचारावे. तो नाही म्हणाला तर नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावा. घंटागाडीवरच द्यावा लागला तर घरगुती घातक कचरा म्हणून वेगळा, नव्या दिव्याच्या रिकाम्या खोक्यात बंद करून आणि वर मार्करने ‘पारा – फोडू नये’ असे लिहून कर्मचाऱ्याच्या हातात द्यावा.